लाटणं तुझ्याकडेच आहे

२ सप्टेंबर

वहिनी,

पाकिटावरचं अक्षर बघून दादा म्हणाला असेल, "हिला काय झालं? पत्र कशाला पाठवलंय?" त्याला सांग, ऑफिसचं आहे, तू चहा टाक आणि बाजूला हो.

खरंच ऑफिसचंच आहे. आपण दोघी एका कंपनीत, एका टीममध्ये, वृद्धाश्रमांसाठी गोळ्यांच्या वेळा सांभाळणारं एकच सॉफ्टवेअर बनवतो, आणि तरी कंपनीनं टीमचे दोन तुकडे करून तुमचा तुकडा तिकडे नेल्यापासून आपलं जे काही बोलणं होतं ते कामांच्या ऑनलाइन बोर्डावरच्या कार्डांवर होतं. कार्ड सगळे वाचतात. आमचा न बोलणारा प्रोग्रामर मौनीसुद्धा वाचतो, आणि तो तर जेवताना कुणाशी बोलायला लागू नये म्हणून डब्यावर छापलेलंही वाचत बसतो. फोन करावा तर दादा उचलतो, मग इकडून आई माझ्या हातातून घेते, आणि शेवटी दोन मिनिटं तुझा आवाज येतो, "सगळं ठीक." मीही म्हणते, "सगळं ठीक." न तपासता पास केलेली उत्तरं दोन्ही. म्हणून कागद घेतला.

आधी भांडणाचं उरकून टाकते. तू गेल्यावर पहिल्याच आठवड्यात तुझं काम माझ्याकडे तपासायला आलं आणि मी कार्डावर लिहिलं, "हे चालत नाही." तू खाली लिहिलंस, "बरं." आणि त्यानंतर आजपर्यंत, काहीही लिहिलं तरी, "नोंद घेतली." अगं, मी तुला "हे चालत नाही" कधीपासून म्हणतेय! तू शेजारच्या खुर्चीत होतीस तेव्हा दिवसातून दहादा म्हणायचे. तू पेन फेकून मारायचीस आणि मग दोघी एकाच खुर्चीत कोंबून बसून बघायचो काय बिघडलंय ते. तुला टीममध्ये आधी मी आणलं, दादानं घरात नंतर आणलं, हे विसरू नकोस. तेव्हा माफीबिफी मागणार नाही. ते चालत नव्हतंच. आता मध्ये पेन पोचत नाही इतकं अंतर आहे, हे लिहिताना माझ्या डोक्यात आलं नाही, एवढंच म्हणते.

आता सल्ला. फुकटचे सल्ले देणं हा नणंदेचा हक्क आहे आणि मी तो आजवर फारसा वापरलेला नाही. (हसू नकोस.)

परवा साहेबांनी तुमच्या सकाळच्या उभ्या बैठकीला, स्टँडअपला, मला पडद्यावरून बसवलं. तुम्ही सगळे रांगेत उभे, तोंडं कॅमेऱ्याकडे, म्हणजे साहेबांकडे. "काल हे केलं, आज ते करीन, अडचण काही नाही." एकामागून एक, शाळेतल्या हजेरीसारखं. वहिनी, कुणालाच अडचण नाही अशी टीम मी अजून पाहिलेली नाही. तिथे एकतर काम होत नसतं किंवा खरं बोलत नसतात. साहेबांना विसरा. गोलात उभे राहा आणि एकमेकांना सांगा. "काय केलं" यापेक्षा "कुठे अडलंय" हे आधी विचार, आणि पहिली तू सांग. तू अडलीस हे कळलं की बाकीच्यांची जीभ सुटेल.

आणि मी आईच्या नकळत ऑफिसात आणलेलं ते लाटणं कुठे आहे? ज्याच्या हातात लाटणं त्यानंच बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, हा आपला नियम होता. कितीतरी भांडणं त्या लाटण्यानं मारामारी न होता मिटली. टीम वेगळी झाली तेव्हा ते तुझ्या खोक्यात गेलं, मी बघितलं होतं. आईला मात्र अजून वाटतं की ते शेजारणीनं नेलं. ती बाटलीनं कणीक लाटते आणि शेजारणीशी बोलत नाही.

हे सगळं आत्ताच का लिहितेय असं विचारू नकोस. सहज.

छोटीला आत्याचा पापा.

तुझी नणंद
(कामावर असेपर्यंत टेस्टर)


१० सप्टेंबर

वहिनी,

पत्र मिळालं तर. काल पडद्याच्या रंगांबद्दलच्या त्या जुन्या कार्डावर, जिथे कुणी महिनाभर काही लिहिलेलं नाही, तिथे तुझं "नोंद घेतली" उगवलं. मौनीनं मला दाखवलं आणि विचारलं, "कशाची?" मी म्हटलं, रंगांची.

तू पत्राचं उत्तर कार्डावर देणार असशील तर देत जा. माझी हरकत नाही. मी आपली कागदावर बोलत राहते.

शुक्रवारी आमची रेट्रो झाली. दोन आठवड्यांचा स्प्रिंट संपल्यावर मागे वळून बघायचं, काय बरं झालं, काय फसलं, तीच बैठक. तू होतीस तेव्हा तू घ्यायचीस, आता माझ्या गळ्यात पडली आहे. दरवेळी मी आणि ती घाईघाईनं बोलणारी डिझायनर, आम्ही दोघीच बोलतो, बाकीचे खुर्चीत विरघळतात. या वेळी ठरवलं की जो सर्वांत कमी बोलतो त्याला सर्वांत आधी विचारायचं. विचारायचं आणि मग गप्प बसायचं. हे दुसरं मला किती जड गेलं ते तुला सांगायला नको.

मौनीला म्हटलं, "तू सांग, या वेळी काय फसलं?" तो टेबलाकडे बघत राहिला. डिझायनर तोंड उघडणार तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला. बऱ्याच वेळानं तो म्हणाला, "मी जवळजवळ सगळा स्प्रिंट एकाच जागी अडलो होतो. तिकडच्यांनी गोळ्यांच्या यादीत काहीतरी बदललं होतं. त्यांना विचारलं असतं तर पाच मिनिटांचं काम."

"मग विचारलं का नाही?"

"तिकडे रागावलेत ना."

"कोण रागावलंय?"

त्यानं माझ्याकडे बघितलं, मग डिझायनरकडे, आणि म्हणाला, "सगळ्यांनाच माहीत आहे."

वहिनी, माझे कान तापले. फुगून बसलो आपण दोघी, आणि इकडचं एकही माणूस तिकडे फोन करत नाही. आपण काही म्हटलेलं नाही, कुणाला अडवलेलं नाही. त्यांनी नुसतं कार्डांवर वाचलं आणि शहाण्या मुलांसारखे आपापल्या बाजूला राहिले. तुमच्याकडेही असंच असणार.

तेव्हा आमच्याकडे आता असं ठरलंय. अर्धा दिवस अडलं की विचारायचं, मग समोर कुणी का असेना. अवघड बोलायचं असेल तर फोन करायचा, आवाज ऐकू आला पाहिजे, आणि जे ठरेल ते मग दोन ओळीत कार्डावर लिहायचं. उलट करायचं नाही. कामाचे तुकडे इतके लहान करायचे की दोन दिवसांत दुसऱ्याला दाखवता येतील. आणि कार्ड ज्यानं उघडलं त्यानंच बंद करायचं, हा तुझा जुना नियम तसाच ठेवलाय. काम करणाऱ्याला वाटलं म्हणून ते झालं असं धरायचं नाही, ज्याला हवं होतं त्यानं बघून म्हणायचं.

तुमच्याकडे हे लागू करच असं म्हणत नाही. करशील तर बरं होईल. लवकर करशील तर आणखी बरं.

साहेब हल्ली तुमच्या ऑफिसची जरा जास्त चौकशी करतात. विशेष काही नाही. त्यांना सवयच आहे.

आई विचारते, छोटीचा दात पडला का. दादाला फोनवर विचारलं तर "सगळं ठीक" म्हणाला. घराणंच तसं आहे.

तुझी नणंद


१७ सप्टेंबर

वहिनी,

हे पत्र बसून वाच. दादा जवळ असला तरी चालेल.

"विशेष काही नाही" असं मी मागच्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. ऑगस्टच्या शेवटी साहेबांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं, दार लावलं आणि म्हणाले, "दोन्ही बाजूंचं जमत नाहीये. वृद्धाश्रमातली चाचणी ही शेवटची संधी. ती एकत्र नीट पार पडली तर ठीक, नाहीतर तिकडचं ऑफिस बंद करायचं वरून चाललंय. तुला टेस्टर म्हणून सांगतोय, नणंद म्हणून नाही. बाहेर जायला नको."

मी म्हटलं, "बरं."

मग घरी आले आणि तुला पत्र लिहायला घेतलं. म्हणजे तुला कळलं असेल हे सल्ले कुठून फुटले ते. मला वाटलं, न सांगता तुमची गाडी रुळावर आणता येईल. तुम्ही नीट बोलायला लागाल, काम पुढे सरकेल, चाचणी पार पडेल, आणि तुला कधी कळणारही नाही की मध्ये काय टांगलेलं होतं. स्वतःला फार हुशार समजत होते. पण त्या स्टँडअपला पडद्यावर पाहिलेले तुम्ही सगळे रोज डोळ्यांसमोर येता. तुमच्यातला तो नवा बाबा झालेला पोरगा डोळे चोळत उभा असतो, आणि मी हे पोटात ठेवून "अडचण काही नाही" म्हणते. दुसऱ्यांना खरं बोलायला शिकवतेय आणि स्वतः मूग गिळून बसलेय. आईनं दोनदा विचारलं, "तुझं जेवणात लक्ष का नाही?"

दादा तुझ्यासाठी त्याचं सगळं सोडून तिकडे आला. छोटीला आता कुठे मैत्रिणी मिळाल्यात. तुझ्या हाताखाली सहा माणसं आहेत आणि त्या सहांची घरं आहेत. हे तुला माहीत असायला हवं होतं, माझ्यापेक्षा आधी. साहेबांचा शब्द मोडला, त्याचं काय ते मी बघेन. तुझ्या टीमला सांगायचं की नाही ते तू ठरव.

आता कामाचं. चाचणीत एकच गोष्ट बघणार आहेत. गोळ्यांच्या वेळेला घंटा वाजली पाहिजे, बरोबर खोलीत, बरोबर माणसासाठी. बाकी सगळं चालतंय, पण घंटा तासभर उशिरा वाजते. त्या आश्रमाचं घड्याळ आपल्या सर्व्हरच्या घड्याळाहून एक तास निराळं आहे, एवढंच कारण. कार्ड बोर्डावर आहे, अजून कुणी उचललेलं नाही. छोटं काम आहे. त्याची काळजी करू नकोस, ते होईल.

काळजी कर, पण त्याची करू नकोस. मला नीट लिहिता येत नाहीये.

तुझी नणंद


२६ सप्टेंबर

वहिनी,

कार्डावर या वेळी "नोंद घेतली" आलं नाही. मला वाटलं होतं काहीतरी येईल.

आज चाचणी होती. काय झालं ते तुला आकड्यांत कळलं असेल, पण मी आणि मौनी तिथे उभे होतो, म्हणून सांगते.

आश्रम स्वच्छ आहे. लांब व्हरांडा, एका बाजूला खोल्या, प्रत्येक दाराशी आपली पांढरी डबी, त्यात घंटा. नर्सबाई उंच, चष्मा गळ्यात, एका शब्दात बोलणाऱ्या. त्यांनी आम्हाला कोपरा दाखवला आणि म्हणाल्या, "इथे." आम्ही इथे उभे राहिलो. दुपारच्या जेवणाला अजून अर्धा तास होता. ताटंही लावलेली नव्हती. मी मौनीला म्हटलं, चल, तोवर चहा पिऊन येऊ.

तेवढ्यात सगळ्या घंटा वाजल्या.

सगळ्या दारांतून म्हातारी माणसं बाहेर आली. एक आजोबा, पूर्वी सैन्यात होते म्हणे, ते तर पट्टा लावून पहिल्या नंबरला. एक आजी केस विंचरता विंचरता फणीसकट आल्या. रांग लागली, हात पुढे झाले. त्या गोळ्या जेवणानंतर घ्यायच्या. उपाशीपोटी घेतल्या तर काय होतं ते आपण सुरुवातीलाच शिकलो होतो. नर्सबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, मग डबीकडे असं काही बघितलं की डबी माणूस असती तर खाली बसली असती. मग त्यांनी शांतपणे सगळ्यांना परत पाठवलं. कुणाला एकही गोळी दिली नाही. आजोबा जाताना माझ्याकडे वळून म्हणाले, "आमच्यात घंटा चुकली की घंटा वाजवणाऱ्याची झोप जायची." मी म्हटलं, "जाणार आहे, आजोबा."

मौनीनं तिथेच व्हरांड्यात मांडीवर संगणक घेऊन कोड उघडला. वरपासून खालपर्यंत वाचत गेला. मग पडदा माझ्याकडे वळवला. वेळ जिथे साठवतो तिथे एक तास कमी केलेला होता. तो आम्ही केलेला. आणि घंटा जिथून वाजते तिथे, अगदी दुसऱ्या टोकाला, आणखी एक तास कमी केलेला. तो तुम्ही केलेला, मी तपासून झाल्यावर, काल संध्याकाळी.

आधी मला राग आला. मग माझ्या लक्षात आलं. तुमचं ऑफिस वाचावं म्हणून मी मौनीला सांगितलं होतं, कार्ड हलवू नकोस, बोभाटा नको, गुपचूप करून टाक, म्हणजे तिकडच्यांना ओझं नको. आणि तू, माझं पत्र वाचून, तुझ्या माणसांच्या अंगावर काही येऊ नये म्हणून त्यांना अगदी हेच सांगितलं असणार. दोघींनी एकमेकींची काळजी केली आणि चाळीस म्हाताऱ्यांना उपाशी रांगेत उभं केलं. इतकं मी तुला लिहिलं, अडलं की विचारा, लहान तुकडे दाखवा. काम हातात घेतल्यावर घेतलं असं मोठ्यानं सांगायचं, ही सर्वांत साधी गोष्ट मात्र लिहायची राहिली. आणि केलीही नाही.

रस्त्यातून तुला फोन लावला. दादानं उचलला. म्हणाला, "ती कुणाशी बोलत नाहीये. आत बसलीय."

परवा साहेबांनी दोन्ही बाजूंची बैठक ठेवलीय. मी सांगणार आहे की चूक आमची. मी तपासायला होते, मी सोडलं. हे पत्र तुला बैठकीनंतर मिळेल हे मला समजतं, तरी लिहिते. तू मध्ये बोलू नकोस.

तुझी नणंद


२८ सप्टेंबर

अगं,

तू कधी माझं ऐकलं आहेस!

तुला पडद्यावरून जेवढं दिसलं त्यापलीकडचं सांगते. साहेब आमच्या खोलीत खिडकीशी बसले होते, कोट अंगातच, म्हणजे लवकर उरकून निघायचं होतं. त्यांच्यासमोर एक कागद उलटा ठेवलेला. मौनी माझ्या डावीकडे, त्याची पाण्याची बाटली घट्ट धरून. डिझायनर पहिल्यांदाच गप्प. साहेब म्हणाले, "मला फक्त एवढं सांगा, तास कुणी सरकवला?"

मी तोंड उघडलं, आणि पडद्यावर लाटणं वर आलं.

इकडचे सगळे आपोआप गप्प झाले. इतके महिने ते लाटणं कुणी पाहिलं नव्हतं, तरी मौनीनं बाटली खाली ठेवली आणि ताठ बसला. साहेबांना काय चाललंय ते कळेना, म्हणून तेही गप्प झाले. तू म्हणालीस, "तास आम्ही सरकवला. कार्ड उचललं नाही, कुणाला कळवलं नाही. माझ्या माणसांनी विचारलं होतं, तिकडे सांगू का म्हणून. मी नको म्हटलं. मला वाटलं, विचारलं तर आम्हाला येत नाही असं दिसेल. आणि मला तिकडचा आवाज ऐकायची भीती वाटत होती."

शेवटचं वाक्य बोलताना तू माझ्याकडे बघत नव्हतीस. मी तुझ्याकडे बघत होते.

मग तू लाटणं कॅमेऱ्याकडे पुढे केलंस. पडद्यावर नुसतं लाकडाचं एक गोल टोक दिसत होतं, ताटाएवढं. आम्ही काय करायचं ते कुणाला कळेना. मी हात पुढे केला खरा, पण हातात काहीच नाही. तेव्हा मौनीनं हळूच त्याची पाण्याची बाटली माझ्या हातात ठेवली.

तर बाटली धरून मी बोलले. आमचा तास, माझी घाई, माझी गुपचुपी. तुला पत्रातून ऑफिसबद्दल सांगितलं तेही बोलून टाकलं, साहेबांच्या समोर. त्यांच्या भुवया कोटाच्या कॉलरपासून जितक्या लांब जाता येईल तितक्या गेल्या. मी बाटली खाली ठेवणार, तर मौनीनं ती मागितली. वहिनी, तो माणूस किती वेळ बोलला! दोन बाजूंना दोन बोर्ड का, आमच्या यादीत बदल झाला की तिकडे का कळत नाही, रोज सकाळी निदान दहा मिनिटं सगळे एकत्र का उभे राहत नाही. त्याच्याकडे सगळं तयार होतं. नुसतं कुणी बाटली दिली नव्हती. मग तिकडून लाटणं त्या नव्या बाबानं घेतलं, मग इकडे डिझायनरनं बाटली घेतली, आणि साहेब मान इकडून तिकडे, तिकडून इकडे.

शेवटी त्यांनी स्वतः हात पुढे केला. मौनीनं बाटली दिली. साहेब ती धरून म्हणाले, "मी आज एकमेकांवर ढकलाढकली ऐकायला आलो होतो. दोष माझा, माझा म्हणून भांडणारे लोक मला माहीत नाहीत. यांचं काय करायचं ते वर कुणी सांगितलेलं नाही." तो उलटा कागद त्यांनी घडी करून खिशात घातला. वाचला नाही. दोन आठवडे मिळाले, एकच बोर्ड, आणि मला बाहेर गेल्यावर वेगळं ऐकावं लागलं. ते मी ऐकून घेतलं, माझ्या वाट्याचंच होतं.

दुपारी आपण पडदा चालूच ठेवून काम केलं. तुझा आवाज दिवसभर खोलीत होता. बोललीस सगळं कामाचंच. "हा तास काढते," "काढला," "आता तू बघ." मी बघितलं. मला कामाचं बोलणंही पुरलं, आज तरी.

तुझी नणंद

ता. क. बाटली मौनीला परत केली. आता तो ती धुऊन मगच पाणी पितो.


१४ ऑक्टोबर

अगं बाई,

काल घंटा वाजली. जेवणं झाली, ताटं उचलली, आजी फणी ठेवून आल्या होत्या, आणि मग घंटा वाजली. नर्सबाईंनी घड्याळाकडे बघितलं, डबीकडे बघितलं, आणि काही न बोलता गोळ्यांचा ट्रे उचलला. त्यांच्याकडून एवढं म्हणजे टाळ्याच. आजोबांनी मला विचारलं, "झोप आली का?" मी म्हटलं, "आज येईल." तुम्ही सगळे पडद्यावर होतात, तुमचा आरडाओरडा त्या व्हरांड्यात ऐकू आला, आणि नर्सबाई म्हणाल्या, "हळू."

ऑफिस राहतंय. साहेबांनी काल संध्याकाळी सांगितलं, तुलाही लगेच सांगितलं असेल. कायमचं असं कुणी म्हणालं नाही, पण राहतंय. माझा जीव भांड्यात पडला. घरी येऊन आईला मिठी मारली तर ती म्हणाली, "काय मोडलंस?"

मग आज सकाळी बोर्ड उघडला.

नवं कार्ड. उघडणारी तू. सोपवलं मला. सगळ्यांना दिसेल असं, दोन्ही ऑफिसांना, साहेबांना, सगळ्यांना. त्यावर लिहिलेलं:

"पत्रं येतात. नणंद येत नाही. हे चालत नाही."

मौनीनं वाचलं आणि, काय सांगू, मोठ्यानं वाचून दाखवलं, सगळ्या खोलीला. डिझायनर म्हणाली, "मग काय, उचल की कार्ड." दुपारपर्यंत खाली साहेबांचं वाक्य आलं होतं, "अग्रक्रम वरचा धरावा." मी तोंड धुवायला गेले आणि बराच वेळ तोंडच धूत होते.

त्या दिवशी "आवाज ऐकायची भीती वाटत होती" म्हणालीस ना? मलाही वाटत होती. म्हणून तर पत्रं लिहीत होते. दादा उचलतो, आई हातातून घेते, ही सगळी कारणं. मनात असतं तर ऑफिसातून केला असता तुला फोन. लोकांना सांगत होते, अवघड असेल तर आवाजानं बोला, आणि स्वतः पाकिटं चिकटवत होते. मला तुझी फार आठवण येते. शेजारची खुर्ची अजून रिकामी आहे. नवीन मुलगा बसणार होता, त्याला मी खोटंच सांगितलं की तिचा पाय मोडलाय.

तेव्हा कार्ड मी उचललंय. उचललं असं सगळ्या खोलीत मोठ्यानं सांगितलंसुद्धा, शिकले तेवढं. "सुरू" या रकान्यात सरकवलं आहे. पुढच्या शनिवारची गाडी आहे. आई बरोबर येतेय. तिला लाटण्याचं खरं सांगावं लागलं. ऐकून ती तडक शेजारणीकडे जाऊन आली, आणि आता म्हणते, मी माझ्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. तेव्हा लाटणं धुऊन ठेव, त्यावर तुमच्या पोरांनी काही लिहिलं असेल तर पुसून टाक.

आणि कार्ड तू उघडलंस, तेव्हा ते बंद तूच करायचं. मी आले म्हणून लगेच करू नकोस. नीट तपासून घे, चारसहा दिवस लागले तरी लागू देत, मी रजा टाकली आहे.

पेन जवळ ठेव. या वेळी पोचेल.

तुझी
मी